विषय: छोटं ऑनलाइन पब्लिक हायस्कूल: आकडे कसे वाचायचे? (कॅलिफोर्निया)

मंडळी, नमस्कार.
मुलीला नववीपासून ऑनलाइन चार्टर (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या) हायस्कूलमध्ये घालायचा विचार आहे. राज्याच्या डॅशबोर्डवर (शाळांची कामगिरी रंगांत दाखवणारी साइट) गणिताला रंगच नाही, एशियन गटाचा आकडा झाकलेला आणि ग्रॅज्युएशन रेट जवळच्या हायस्कूलपेक्षा बराच खाली. शाळा वाईट समजायची का?
– एक पालक, फ्रीमाँट

उत्तर:
ताई, रंग नाही म्हणजे शाळा नापास नव्हे. गटात ३० पेक्षा कमी मुलं असली की डॅशबोर्ड रंग देत नाही. ११ पेक्षा कमी असली की आकडाही झाकतो, मूल ओळखू येऊ नये म्हणून. हायस्कूलमध्ये गणित-इंग्रजीची राज्य परीक्षा फक्त अकरावीला होते. समजा २० मुलं बसली, तर एका मुलामागे ५ टक्के. गेल्या वर्षी ४० टक्के आणि यंदा ५५ टक्के पास दिसले, तर तो तीन मुलांचा फरक आहे. टक्क्यांची सरासरी काढू नका. तीन-चार वर्षांची बसलेली आणि पास झालेली मुलं वेगवेगळी बेरजेला घ्या, मग भागा.

बसली किती, हेही बघा. परीक्षेचं केंद्र लांब असलं की पालक टाळतात, लेखी सूट मागायचा हक्कही आहे. परीक्षेची हजेरी ९५ टक्क्यांखाली गेली की डॅशबोर्ड न बसलेल्यांना ९५ भरेपर्यंत सर्वांत कमी गुण लावतो. परीक्षेच्या निकालाच्या साइटवर मात्र बसलेल्यांचेच गुण असतात. म्हणून एकाच शाळेची दोन चित्रं दिसतात. आधी हजेरीचा आकडा, मग गुण.
– शिक्षण समिती, सॅन होजे

उत्तर:
ग्रॅज्युएशन रेटबद्दल. नववीत आलेली मुलं, अधिक नंतर येऊन मिळालेली, वजा लेखी पुराव्यानिशी दुसरीकडे गेलेली: हा छेद. पुरावा नसेल तर गेलेलं मूल ड्रॉपआउटमध्ये जमा होतं. कुटुंब पुण्याला परतलं तर शाळेला तसं लेखी कळवून जा. परदेशी गेलेल्यांसाठी अधिकृत कागदच लागतो असं नाही, शिक्षकाने फोनवर बोलून केलेली नोंदही चालते. पण नोंद हवी.

ऑनलाइन शाळेत अकरावीला येणारी बरीच मुलं क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे गुणांक, वर्षभराच्या विषयाला १०) मागे ठेवून येतात. २२० क्रेडिट लागणाऱ्या शाळेत दहावीअखेर ११० हवेत. ६० घेऊन आलेल्या मुलाला पाच वर्षभराचे विषय जादा काढायचे असतात, आणि चार वर्षांत ते जमलं नाही तर ठपका शेवटच्या शाळेवर येतो. म्हणून डेटाक्वेस्टवर (राज्य शिक्षण खात्याची आकडेवारीची साइट) पाच वर्षांचा दर वेगळा बघा. मी तर त्याहीआधी स्टॅबिलिटी रेट, म्हणजे वर्षभर त्याच शाळेत टिकलेल्या मुलांचा टक्का, उघडेन. शिवाय ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारची पटसंख्या आणि वर्षभरातली एकूण पटसंख्या शेजारी ठेवा. पहिली १५०, दुसरी २४० असेल तर ही धर्मशाळा आहे, आणि तिथे गुणांवरून शिकवण्याची पारख होत नाही.
– सॅक्रामेंटोहून एक शिक्षक

पुन्हा प्रश्न:
आभार. एशियनमधले भारतीय किती, कळेल का? आणि गरीब मुलं इतकी कमी कशी?
– फ्रीमाँट

उत्तर:
नाही. सार्वजनिक अहवालात फिलिपिनो वेगळे, बाकी सगळे एशियन एकत्र. तेव्हा ‘आपली मुलं कशी आहेत’ हे या रकान्यातून शोधू नका.

गरिबीचा आकडा मुख्यतः मोफत-सवलतीच्या जेवणाच्या पात्रतेवर उभा असतो, आणि ऑनलाइन शाळेत बहुधा स्वयंपाकघरच नसतं. मग उत्पन्नाचा पर्यायी फॉर्म पालकांनी भरायचा. तो अनेक घरांतून येतच नाही, म्हणून टक्का खऱ्याहून कमी दिसतो. त्या फॉर्मवर शाळेचा निधीही ठरतो, तेव्हा आपल्यापैकी कोणी पात्र असेल तर संकोच न करता भरा.

प्रवेशाआधी काउन्सेलरला दोन गोष्टी मेलवर विचारा: गेल्या नववीतली किती मुलं याच शाळेत दहावीला राहिली, आणि गणिताच्या शिक्षकाचा थेट वर्ग आठवड्याला किती तास. युसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ए-जी यादीत, म्हणजे प्रवेशासाठी मान्य विषयांच्या यादीत, शाळेच्या नावाने विषय स्वतः तपासा. खेळाडू असेल तर एनसीएएची (कॉलेजमधल्या खेळांची संघटना) यादी वेगळी असते, तिथे ऑनलाइन विषय अनेकदा अडतात, कारण त्यांना शिक्षकाशी नियमित संवाद हवा असतो.
– शिक्षण समिती