युगांडातील खेड्यात शाळा बांधायला स्वयंसेवक म्हणून जावे का?

अनुजा, मुलुंड

नमस्कार. मी सत्तावीस वर्षांची असून लोअर परळच्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यामागे गुडघाभर पाणी साठलेले पाहून झालेला आनंद मी आजवर विसरलेले नाही.

आता एका परदेशी संस्थेने माझा अर्ज स्वीकारला आहे. युगांडात, मसाका शहरापासून तासाभराच्या अंतरावरील खेड्यात प्राथमिक शाळेच्या दोन वर्गखोल्या बांधायच्या आहेत. काम चार आठवड्यांचे असून शुल्क १,८५,००० रुपये आहे. त्यात राहणे-जेवण धरले आहे, विमानभाडे आणि व्हिसा वेगळा. मार्चअखेरचे हिशेब उरकल्यावरच रजा मिळत असल्याने मी १५ एप्रिलनंतर निघण्याचे ठरवत आहे.

बाबांचे म्हणणे असे की हात राबवायचेच असतील तर जव्हार-मोखाड्यात काम कमी पडले आहे का? त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. तरीही अगदी वेगळ्या समाजात, तिथल्या माणसांबरोबर काम करून पाहण्याची माझी इच्छा मनापासूनची आहे. बांधकामाचे शिक्षण नसलेल्या माझ्यासारखीच्या श्रमाचा त्या गावाला खरोखर उपयोग होतो का, आणि पैसे भरण्यापूर्वी संस्थेला काय विचारावे, हे जाणकारांनी सांगावे. आरोग्याच्या तयारीबद्दलही कळले तर बरे होईल.

विवेक, कल्याण

अनुजाताई, मी स्थापत्य अभियंता आहे. काही वर्षे एका ठेकेदाराच्या नोकरीत कंपालात होतो आणि सुट्टीच्या दिवशी मुकोनो जिल्ह्यातल्या एका शाळेच्या बांधकामावर जात असे. तिथे बाहेरून आलेले अकरा स्वयंसेवक होते. त्यांचा प्रामाणिकपणा मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून पुढे जे लिहितो आहे ते त्यांना कमी लेखण्यासाठी नाही.

तिकडे भाजलेल्या विटांच्या भट्ट्यांना फार लाकूड लागते, म्हणून अनेक ठिकाणी दाबाचे मातीठोकळे वापरतात. लाल मुरूम (तिथेही त्याला ‘मरम’ असेच म्हणतात, हे ऐकून मला पहिल्या दिवशीच घरच्यासारखे वाटले होते) चाळून, त्यात थोडे सिमेंट मिसळून, हाताच्या यंत्रात दाबून ठोकळा काढायचा. भाजावा लागत नाही. पण पहिला आठवडाभर तरी त्याला झाकून रोज पाणी मारावे लागते आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात.

हे पाणी येणार कुठून, याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. हातपंप शाळेपासून जवळजवळ एक किलोमीटरवर होता. ठोकळ्यांना, गिलाव्याच्या मालाला आणि अकरा पाहुण्यांच्या आंघोळीला मिळून रोज पिवळे वीस लिटरचे तीस-पस्तीस डबे लागू लागले, आणि ते डोक्यावरून आणत होत्या शाळेच्याच मोठ्या मुली. पाचव्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या की सहावी-सातवीच्या मुली पहिले दोन तास वर्गात नसतात. ज्यांच्यासाठी खोल्या उठत होत्या, त्याच मुलींचा अभ्यास त्या खोल्यांपायी बुडत होता. काम तीन दिवस थांबवून आम्ही आधी जुन्या इमारतीच्या पत्र्यांना पन्हळ लावली, खाली टाकी बसवली, आणि सायकलवरून पाणी आणणाऱ्या गावातल्याच दोघांना मजुरीवर घेतले. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून असायला हवी होती आणि गावाला कोणी विचारले असते तर ती असतीही.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा असावा : पाणी कुठून येणार, ते कोण आणणार आणि त्याचे पैसे कोण देणार? शंभर छायाचित्रांपेक्षा याच्या उत्तरातून तुम्हाला संस्थेची जास्त ओळख पटेल.

दुसरे, एप्रिलमध्ये जाऊ नका. दक्षिण युगांडात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. ओल्या मुरुमाचा ठोकळा नीट दाबला जात नाही, पायाच्या चरात पाणी भरते आणि मालाचा ट्रक कच्च्या रस्त्यावर रुततो. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतचा कोरडा काळ बांधकामाला चांगला. जी संस्था एप्रिलच्या तुकडीला ‘भिंती उभारायला’ बोलावते, ती गावाचा हंगाम पाहते आहे की स्वयंसेवकांच्या सुट्ट्या, हे विचारून घ्या.

आता कौशल्याबद्दल. गवंड्याला तिकडे फुंडी म्हणतात, आणि प्रत्येक गावाच्या आसपास चांगले फुंडी असतात. नवख्या माणसाने माती चाळावी, सिमेंटचा माल कालवावा, ठोकळे हाती द्यावेत, फुंडीने ताणलेल्या दोरीचे टोक धरावे. एवढे काम असते आणि ते खरे काम असते. पण पहिल्याच आठवड्यात कोणी तुमच्या हाती थापी देऊन कोपरा रचायला सांगितले, तर त्या भिंतीखाली पुढची तीस वर्षे मुले बसणार आहेत हे आठवून नकार द्या. तुमच्या १,८५,००० रुपयांपैकी माल आणि फुंडींची मजुरी यांवर किती जाते, हे आकड्यांत विचारा. तुम्ही हिशेबनीस आहात, तेव्हा गोलमोल उत्तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

कागदपत्रांपैकी गावाच्या स्थानिक परिषदेचे, म्हणजे एलसी-१ चे पत्र, जिल्हा अभियंत्याने पाहिलेला नकाशा आणि जमीन शाळेच्या नावावर असल्याचा दाखला मागा. पर्यटक व्हिसावर काम करू नका. योग्य परवाना कोण काढणार, हे लेखी घ्या.

डॉ. मेधा, ठाणे

आरोग्याबद्दल थोडक्यात लिहिते. युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, केंद्र सरकारची मान्यता असलेल्या केंद्रातच घ्यावी. तिथे तारखा लवकर भरतात, म्हणून ऐन वेळेवर ठेवू नका. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. तो नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवले जाऊ शकते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास लस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

हिवतापाकडे मुंबईच्या सवयीने पाहू नका. आफ्रिकेत बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा हिवताप असतो आणि तो काही दिवसांत जिवावर बेतू शकतो. प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करून परतल्यानंतरही ठरल्याप्रमाणे चालू ठेवायच्या असतात. डॉक्सीसायक्लीन असेल तर परतल्यावर चार आठवडे. घरी आल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आधी सांगा. बांधकामावर खिळे-पत्रे लागतात, म्हणून धनुर्वाताचा बूस्टर घ्या. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोहायचा मोह टाळा, कारण त्या पाण्यातून शिस्टोसोमा हा कृमी त्वचेतून शरीरात शिरतो.

सुधाकर, बोरिवली

माझे मूळ गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्रीचे गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले असताना किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आमची घरे होती, आणि तीच अंगावर आली. म्हणून मी या विषयावर ज्याच्यासाठी घर बांधले गेले त्याच्या बाजूने लिहितो आहे.

आमच्या भागात दूरदूरून माणसे आली. त्यांनी ढिगारे उपसले, जेवण रांधले, तंबू ठोकले, आणि त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पुढे ५२ गावे नव्या जागी वसवताना अनेक ठिकाणी शहरी वसाहतीसारखे चौकोनी आखणीचे रस्ते आणि एका रांगेतली घरे झाली. भावकीची आळी मोडली, गोठ्याला आणि कडब्याच्या गंजीला जागा उरली नाही. घरे मजबूत होती, तरीही कित्येकांनी काही वर्षांतच पुढे पत्र्याच्या शेड काढल्या, कारण शेतकऱ्याचे घर कसे वापरले जाते हे नकाशा काढणाऱ्याने पाहिले नव्हते.

त्या गर्दीतला एक तरुण मात्र मला स्पष्ट आठवतो. तो आमच्या आजीजवळ उकिडवा बसला आणि चुलीचे तोंड कुठल्या बाजूला हवे, हे त्याने विचारले. वारा कुठून येतो हे तिने हाताने दाखवले, आणि त्याने मातीत काटकीने तशी खूण केली. तेवढ्या दोन मिनिटांत महिन्याभरात पहिल्यांदाच आजी घराबद्दल काही बोलली.

तेव्हा अनुजाताई, त्या दोन खोल्यांचा नकाशा कुणाला विचारून काढला, हे जरूर पाहा. ‘इथे काम कमी आहे का’ या तुमच्या वडिलांच्या प्रश्नावर मला एवढेच वाटते की आमच्याकडे आलेल्यांना त्यांच्या घरीही कोणी असेच म्हटले असेल, आणि ते आले हे बरे झाले.

शारदा, दादर

सुधाकररावांच्या शेवटच्या वाक्याला एक जोड देते. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर पियेर सेरेसोल हे स्विस अभियंते आपल्या काही सहकाऱ्यांसह तिथे आले आणि गावे पुन्हा उभारण्याच्या कामात स्वतः राबले. त्यांनी १९२० साली पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या, फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या खेड्यात अशीच पहिली श्रमछावणी भरवली होती. आपल्याकडे बाबा आमट्यांनी सुरू केलेली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी १९६७ पासून भरते आणि तिथे मी स्वतः कुदळ धरली आहे. दूर जाणे आणि जवळ राबणे यांत वैर मानण्याचे कारण नाही. पण आधी सोमनाथला जाऊन या, म्हणजे उन्हात आठ तास उभे राहिल्यावर आपल्यात काय उरते ते कळेल.

एक आठवण विवेकरावांना. युगांडातला यू-२ हातपंप म्हणजे आपला इंडिया मार्क २, आणि तो सोलापूर पंपाच्या धर्तीवर १९७० च्या दशकात तयार झाला. त्याचे वॉशर बदलायचे तर सगळे पाइप वर ओढावे लागतात, म्हणून दुरुस्तीची अवजारे आणि हात गावाजवळ आहेत का, हेही विचारायला हवे.

अनुजा, मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. मी संस्थेला काल पत्र पाठवले आणि आज उत्तर आले. शुल्काची फोड पाठवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. जुलैची तुकडी आहे, पण पाण्याची व्यवस्था ‘स्थानिक समुदाय करेल’ एवढेच एक वाक्य लिहिले आहे. विवेकदादांचा अनुभव वाचला नसता तर मी त्या वाक्यावर समाधान मानले असते. पाणी कोण आणणार याचे स्पष्ट उत्तर आणि गावच्या परिषदेचे पत्र येईपर्यंत पैसे भरणार नाही, असे कळवले आहे. मे महिन्यात सोमनाथला जाण्यासाठी रजेचा अर्ज दिला आहे. बाबांनाही ते पटले.

विवेकदादा, एक विनंती आहे. भिंत सरळ उभी आहे का हे पाहायला ओळंबा कसा धरतात हेसुद्धा मला माहीत नाही. जाण्यापूर्वी ते मुंबईच्या आसपास कुठे शिकता येईल का?

विवेक, कल्याण

येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता आमच्या कल्याणच्या साइटवर या, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. आमचे गवंडी तीस वर्षे हेच काम करत आहेत आणि शिकवण्याची त्यांना आवड आहे. सध्या जोत्यावरचे पहिले थर चालू आहेत, म्हणजे शिकायला अगदी योग्य वेळ. चप्पल नको, बूट घाला, आणि दुपारचा डबा घेऊन या.