जंगलाचं मोल रुपयांत मांडायचं का? आमच्या ग्रामसभेत अडलेला मुद्दा

चिमूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं गाव चिमूर तालुक्यात, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला (भोवतालच्या पट्ट्याला) लागून. सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे कायद्यानं ग्रामसभेच्या ताब्यात आलेल्या, जंगलाचा आराखडा करायला घेतलाय. त्यात 'जंगलाचं वर्षाचं मोल' असं एक प्रकरण हवं, असा माझा आग्रह. मागच्या सभेत यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे विचारतो.

रस्ता रुंद करायचा असो की खाण उघडायची असो, समोरच्याच्या फाईलमध्ये टन, रोजगार, महसूल सगळं लिहिलेलं असतं. आपल्या बाजूनं काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून आपलं शून्य धरलं जातं. जंगल प्रकल्पाला देताना सरकार हेक्टरी दर लावतंच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे तो 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये होता, 2022 मध्ये वाढवला. किंमत लागलेलीच आहे, फक्त आपल्याला कोणी विचारलं नाही. तो पैसा जातो वनीकरण निधीत, ग्रामसभेच्या खात्यात नाही.

भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेनं 2015 मध्ये सहा आणि 2019 मध्ये आणखी दहा व्याघ्र प्रकल्पांचं असं मोल काढलं. दुसऱ्या यादीत आपलं मेळघाटही आहे. अमेरिकेत तर 2016 चा कायदाच आहे. मासेमारी, शिकार, होड्या, डोंगरभटकंती यांचा देशाच्या उत्पन्नात वाटा किती, हे तिथे दरवर्षी मोजतात. 2023 साली तो 2.3 टक्के निघाला. मग आपण मोह, तेंदू, वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (रानअळंबी), सरपण, पाणी आणि गेटवर येणारे पर्यटक यांचा हिशेब का मांडू नये?

वर्धेचा अर्थशास्त्रवाला

मांडाच. पण सुरुवातीलाच एक घोळ टाळा. पर्यटकानं रिसॉर्टला, जिप्सीला, हॉटेलला दिलेला पैसा ही उलाढाल झाली. जंगलाचं मोल वेगळं मोजतात. ती रीत अशी: कोण कुठून आला, प्रवासाला आणि वेळेला किती खर्च झाला, किती अंतरावरून किती माणसं येतात, हे लिहून काढायचं. लांबचे लोक खर्च वाढतो म्हणून कमी येतात. त्यावरून कळतं की जवळच्या माणसाला जास्त खर्च पडला असता तरी तो कुठवर आला असता. प्रत्यक्ष खर्च आणि तो देऊ शकला असता ती रक्कम, यातला फरक म्हणजे त्याला मिळालेलं मोल. हॅरोल्ड होटेलिंग या अर्थशास्त्रज्ञानं 1947 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्र लिहून ही कल्पना सुचवली.

आता तुमच्या गावाचा पेच बघा. तुम्ही जंगलाला लागून राहता. तुमचा प्रवासखर्च शून्य. ही रीत डोळे झाकून लावली तर मुंबईहून एक दिवस वाघ बघायला आलेल्या माणसाचं मोल हजारांत निघतं आणि तीनशे दिवस जंगलात जाणाऱ्या तुमच्या काकूंचं काहीच निघत नाही. दुसरी रीत लोकांना थेट विचारायची. तिथे प्रश्न कसा विचारता यावर सगळं ठरतं. 'जंगल राखायला किती द्याल?' म्हटलं तर गरीब माणूस खिशाकडे बघून सांगणार. 'जंगल गेलं तर किती घ्याल?' म्हटलं की आकडा कितीतरी पटीनं वाढतो. बरेच जण तर कितीही दिले तरी नको म्हणतात. अलास्कात 1989 साली तेल सांडल्यावर या रितीवर एवढा वाद झाला की सरकारनं केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेलवाल्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं 1993 मध्ये पहिला प्रश्न, 'किती द्याल', हाच वापरा असं सुचवलं. तुमच्यासाठी मला तो अन्यायाचा वाटतो.

झाडीपट्टीतून

माझा ठाम विरोध आहे. एकदा दर लिहिला की समोरचा म्हणतो, हे घ्या पैसे, विषय संपला. चंद्रपूरजवळची लोहाऱ्याची कोळसा खाण 2009 च्या सुमारास अडली ती लोक रस्त्यावर उतरले म्हणून. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीला 2013 साली 12 ग्रामसभांनी नकार दिला. त्यांनी डोंगराचा भाव काढून दाखवला नव्हता. 'हा डोंगर आमचा देव आहे' एवढं पुरलं, कारण कायद्यानं त्यांना नाही म्हणायचा हक्क होता. चिमूरकर भाऊ, तुमच्याही हातात तोच हक्क आहे. तो सोडून पावती पुस्तक कशाला धरता?

आणखी एक. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. पानासाठी झाडं छाटतात, आगी लावतात, फळ धरत नाही. हातात येणारी रक्कम सोडून त्यांनी टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, राखली, माणसांना आणि पाखरांना. तुमच्या तक्त्यात हा निर्णय तोटा म्हणून दिसेल.

चिमूरकर

पाचगावचं उदाहरण मनाला लागलं. पण पाचगावकडं बांबू आहे, म्हणून तेंदू सोडणं झेपलं असं मला वाटतं. आणि नाही म्हणायचा हक्क कागदावर असून किती गावांना वापरता येतो? ग्रामसभेचा ठराव डावलला तर पुढे कोर्टात जावं लागतं. तिथे वकील पहिला प्रश्न विचारतो, नुकसान किती?

कोलारा गेटचा गाईड

गेटमुळे आमच्याकडे पोरांना काम मिळालं, हे कोणी नाकारू नये. पण जुलै ते सप्टेंबर ताडोबाचा गाभा, म्हणजे आतलं जंगल, पर्यटकांना बंद असतो, तेव्हा आम्ही पुन्हा शेतातच. आणि पर्यटक विचारतो एकच, वाघ दिसेल का? मोहाचं झाड, तलाव, गवताची कुरणं कोणी बघत नाही. पर्यटनावरून जंगलाचं मोल काढाल तर वाघ दिसतो तेवढंच जंगल मोलाचं ठरेल.

एक शेतकरी

मोल काढा, माझी ना नाही. पन आमचा तोटा कोन्या रकान्यात जाते, थे सांगा. धान लोंबीवर आला का रानडुक्कर घुसते. हरभऱ्यात रोही, म्हंजे नीलगाय. एका रातीत कळप बसला का पट्टाच साफ. मांडवावर कंदील घेऊन रातभर जागल करा लागते, अन् सकाळी पुन्हा बैल जुंपा लागते. पंचनाम्यात पीक मोजते, माही झोप कोनी मोजली? जागल करता करता वाघानं माणूस नेला त सरकारचे 25 लाख हायेत. म्हंजे माणसाचा दर ठरला, अन् त्याच्या जागलीचा नाही. वाघ बघाले येनाऱ्याची मजा लिहानार असान, त आमची जागल बी लिहा. नाहीत माही सही भेटनार नाही.

बचतगटाची ताई

मोहाचा भाव कोणता धरणार, तेही ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात टोपली घेऊन निघतो. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो. ऊन चढेपर्यंत वाकून वेचायचं, मग अंगणात वाळवायचं, ढग आले की पळत जाऊन झाकायचं. घरात पैशाची नड असते, म्हणून तेव्हाच व्यापाऱ्याला देतो, भाव पडलेला असतो. पावसाळ्यात तोच मोह चढ्या भावानं विकत घ्यावा लागतो. आमच्या घरचा हिशेब पावसाळ्याच्या भावानं धरा. आणि घरी खाल्लेल्या सात्या, वास्ते, कुड्याची फुलं बाजारात गेली नाहीत म्हणून सोडून देऊ नका. श्रावणात आठ-आठ दिवस भाजीला दुसरं काही नसतं.

झाडीपट्टीतून

काका आणि ताई सांगतात ते सगळं लिहायलाच हवं, याला माझी हरकत नाही. किलो लिहा, तास लिहा, जागलीच्या राती लिहा, कोणत्या महिन्यात चूल कशावर चालली ते लिहा. फक्त शेवटी त्याची रुपयांत एक बेरीज करू नका. ती बेरीजच उद्या आपल्या गळ्याशी येईल.

चिमूरकर

जागलीचा रकाना घेतो, काका. रोजगार हमीच्या मजुरीनं धरू, रात्रीचं काम म्हणून दर कमी करणार नाही. ताई, मोहाचे दोन्ही भाव लिहू आणि घरी खाल्लेलंही धरू. प्रवासखर्चाची रीत फक्त पर्यटकांच्या पानापुरती राहील. बेरजेवर मात्र मी अडून आहे, बेरीज नसलेला कागद तहसीलच्या पुढे कोणी वाचत नाही. पुढच्या सभेत हा एकच मुद्दा मताला टाकतो.

झाडीपट्टीतून

टाका. मी येऊन विरोधात बोलणार आहे, पाचगावची दोन माणसंही सोबत आणतो.