निशाण, बावटा की पताका?

प्रश्न : 'ट्रिंकोमाली' या फ्रिगेटचं, म्हणजे ब्रिटिश आरमारातल्या शिडाच्या युद्धनौकेचं, १:९६ मापाचं मॉडेल नाशिकच्या प्रदर्शनात ठेवायचंय. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१७ सालचं जहाज. मराठी पाटीवर एन्साइन, जॅक आणि पेनंट यांना काय म्हणावं? तिन्हींना 'झेंडा' म्हणणं पटत नाही.

उत्तर १ : एन्साइन म्हणजे निशाण. मागच्या टोकाला फडकतं आणि जहाज कोणाचं ते सांगतं, म्हणजे खूणच. जॅकला 'नाळेवरचं निशाण' म्हणा. नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक. शिडं उभारलेली असतील तर जॅक लावूच नका. पुढच्या तिकोनी शिडांच्या आड येतो म्हणून तो बंदरातच लागायचा. 'बावटा' संकेताच्या झेंड्यांसाठी राखून ठेवा. किनाऱ्यावर 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हणतात, तोच. पण नाशिकला बावटा म्हटलं की लाल बावटा. २०१८चा शेतकरी मोर्चा इथूनच चालत मुंबईला गेला. तेव्हा पाटीवर 'संकेताचे बावटे' असं पूर्ण लिहा.

उत्तर २ : पेनंटला नुसतं 'पताका' नको. निवृत्तिनाथांच्या दिंड्या पाहिलेल्यांच्या डोळ्यांपुढे तिकोनी पताका येते. ही तर अरुंद फीत. मूळ २० यार्डांची धरली तरी १:९६ला १९ सेंटिमीटर भरते! 'डोलकाठीची लांब पताका' लिहा. आणि कोणी 'जरीपटका' सुचवला तर सरळ नाही म्हणा. तो पेशवाईचा मान, इंग्रजी जहाजावर त्याचं काय काम?

प्रश्न : निशाण पांढरंच ना?

उत्तर १ : तसं गृहीत धरू नका. १८६४पर्यंत लाल, पांढरं, निळं अशी तिन्ही चालत. रंग अॅडमिरलच्या पथकावर ठरे. कोपऱ्यातला युनियन, म्हणजे ब्रिटनचा छोटा झेंडा, मात्र १८०१नंतरचा, लाल तिरक्या पट्ट्यांचा हवा. काठीकडच्या बाजूला रुंद पांढरी तिरकी पट्टी वर येते. खाली आली तर निशाण उलटं, म्हणजे संकटाची खूण.

उत्तर २ : चूक बहुतेक छपाईत होते. दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलटी छापा, मध्ये दोरा ठेवून काठीच्या कडेवर दुमडा. इंकजेटची शाई पातळ केलेल्या फेविकॉलने पसरते. आधी वॉर्निशचा हलका फवारा मारून वाळू द्या. आणि शिडं मागच्या वाऱ्याने फुगलेली असतील तर निशाण पुढेच उडेल, मागे नाही.