शब्दचर्चा : लिम्फ नोडला मराठीत काय म्हणावं? आणि कॅन्सर तिथं ‘पसरतो’ की ‘पोचतो’?

तिरफळ :
तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी चार पानांचं पत्रक मराठीत करतेय. ‘लिम्फ नोड’ला, म्हणजे अंगातलं पाणी (लिम्फ) गाळणाऱ्या मानेतल्या, काखेतल्या छोट्या गाठीला, कोशात ‘लसीकाग्रंथी’ सापडतं. पण वाचणारा कोण? वीस वर्षं मावा खाल्लेला रिक्षावाला, नाहीतर मिश्री लावणारी आजी. नुसतं ‘गाठ’ म्हणावं तर जिभेवरचा ट्यूमरही गाठच आणि मानेतला नोडही गाठच. ‘गाठ काढली, पण गाठीत गाठ सापडली’ असं वाक्य लिहून खोडलं. तुम्ही काय वापराल?

जुनेरं :
लसीका शब्द चांगला जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या उदकाबद्दल सांगताना, त्वचेच्या आत असलेलं आणि जखमेतून दिसणारं ते लसीका, असा उल्लेख येतो. आपण खरचटल्यावर ‘अजून लस वाहतेय’ म्हणतो ना, रक्त थांबल्यावर येणारं ते पिवळसर चिकट पाणी, तेच. टोचायची ती लसही याच गोतातली, कारण देवीची लस म्हणजे मुळात फोडातलं पाणीच. त्यामुळे ‘लसीका’ वाचून एखाद्याला लसीकरण आठवलं तर त्याला हसू नका. कोविडची लस घेतल्यावर कित्येकांच्या काखेत गाठी आल्या, त्या याच सुजलेल्या लसीकाग्रंथी.

कडूलिंब :
आमच्याकडं याला अवधाण म्हणतात. पायात काटा मोडला, पिकला, की जांघेत अवधाण येतं. हाताला गळू झालं तर काखेत. म्हणजे वस्तू लोकांना माहीत आहे, कोशकारांनी तिला उगाच परकी केली. गंडमाळाही मानेतल्या याच गाठी, फक्त क्षयाने सुजलेल्या. ‘अवधाण’ लिहा.

पॅथवाला :
अवधाण दुखतं आणि बरं होतं. कॅन्सरची गाठ बहुतेकदा सुरुवातीला दुखत नाही, घट्ट लागते, आणि नेमकं दुखत नाही म्हणूनच माणूस महिनोन् महिने अंगावर काढतो. ‘मानेत अवधाण आलंय’ म्हटलं की घरचे शेक देत बसतील. समजावताना जरूर सांगा, नाव म्हणून देऊ नका.

‘ग्रंथी’वर माझा आक्षेप वेगळा आहे. ग्रंथी स्रवते : लाळग्रंथी, घर्मग्रंथी. नोड काही स्रवत नाही, आलेलं पाणी गाळतो. मानेच्या ऑपरेशनचा नमुना आमच्याकडे फॉर्मॅलिनमध्ये येतो, तेव्हा पिवळ्या चरबीचा एक लगदा असतो. तो बोटांनी चिवडत एकेक नोड शोधायचा. कुठे मसुरीएवढा, कुठे वालाएवढा, चरबीपेक्षा जरा टणक, करडा. पातीने चिरला की निरोगी नोड आतून एकसारखा दिसतो. कॅन्सर असला तर पांढरट, भरड भाग दिसू शकतो. पण बारीक पुंजका असेल तर सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. रिपोर्टात ‘२/२४’ असतं ते हेच : चोवीस सापडले, दोनांत पेशी मिळाल्या. नातेवाईक तो आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचतात आणि ‘फक्त दोनच?’ म्हणून काळजीत पडतात!

पेशी तिथंच का अडकतात, हेही पत्रकात येऊ द्या. लसीकेच्या बारीक नळ्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची, त्या पेशींच्या कडा एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या, आणि बाहेरून अखंड अस्तर नाही. रक्ताच्या केशवाहिनीत शिरण्यापेक्षा इथं शिरणं सोपं. आत गेल्यावर प्रवाह संथ, कारण मागे हृदयाचा रेटा नाही. मोठ्या नळ्यांचं स्वतःचं आकुंचन, आजूबाजूच्या स्नायूंची हालचाल आणि नळ्यांच्या झडपा यांवर तो पुढे सरकतो. पहिल्या नोडच्या कडेच्या पोकळीत पेशी थांबतात. काही तिथंच मरतात, काही रुजतात. शरीराच्या बऱ्याच भागातली लसीका शेवटी डाव्या बाजूला, मानेच्या मुळाशी शिरेत मिसळते. म्हणून पोटातला कॅन्सर कधी कधी डाव्या गळपट्टीच्या हाडावरच्या गाठीने पहिल्यांदा कळतो. जर्मन पॅथॉलॉजिस्ट व्हिर्खोने हे १८४८ मध्येच नोंदवलं होतं.

तिरफळ :
मग ‘कॅन्सर मानेतल्या गाठींत पसरला आहे’ लिहिलं तर चालेल ना?

पॅथवाला :
तिथंच थांबा. ‘पसरला’ ऐकलं की आपल्याकडे माणूस ‘आता काही उरलं नाही’ असं धरून चालतो आणि गावी परत जातो. मानेतला नोड आणि फुप्फुसातला डाग यांना एकच क्रियापद लावू नये. मी मानेसाठी ‘पोचला’ म्हणेन आणि फुप्फुस, यकृत, हाडांसाठी ‘पसरला’.

हा नुसता भाषेचा लाड नाही. कॅन्सर लसीकेच्या वाटेने पायरी पायरीने पुढे जातो, तेव्हा वाटेतलं सगळं कापा, या विचारावर अमेरिकन सर्जन हॉल्स्टेडची स्तनाच्या कॅन्सरवरची मोठी शस्त्रक्रिया उभी होती. १९७१ मध्ये अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या गटाने हा विचार तपासणारी चाचणी सुरू केली. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००२ मध्ये छापलेल्या निकालात मोठी शस्त्रक्रिया झालेल्या आणि कमी कापलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक दिसला नाही. २०१७ मध्ये आतड्याच्या कॅन्सरवर जनुकीय काम झालं : साधारण ६५ टक्के रुग्णांत नोडमधल्या आणि दूरच्या गाठी मूळ ट्यूमरच्या वेगवेगळ्या शाखांतून आलेल्या. म्हणजे नोड हा दरवेळी पुढच्या प्रवासाचा थांबा नसतो, पुष्कळदा तो फक्त रोगाचा स्वभाव सांगतो. उलट २०१८ मध्ये उंदरांत नोडमधून थेट रक्तात शिरणाऱ्या पेशीही दिसल्या. प्रश्न मिटलेला नाही.

कडूलिंब :
मग मान कापायचीच कशाला?

पॅथवाला :
कारण तोंडाचं गणित स्तनासारखं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलची २०१५ ची चाचणी बघा. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात, मानेत हाताला काहीच लागत नाही, असे रुग्ण. अर्ध्यांचे नोड पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढले, बाकीच्यांचे गाठ दिसल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के हयात होते, दुसऱ्यात ६७.५. तिरफळ, तुमच्या वाचकाचा पहिला सवाल हाच असणार : ‘मानेत गाठ नाही तर मान का उघडता?’

जुनेरं :
‘पोचला’ मला पुळचट वाटतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये नोड बाधित निघाला की जगण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते असं सर्जनच सांगतात. गोड शब्दाने माणूस रेडिएशन टाळेल त्याचं काय?

पॅथवाला :
मान्य. ‘पोचला’पाशी वाक्य संपवू नका, पुढे उपचार लिहा.

कडूलिंब :
ते ‘सेंटिनेल नोड’ पण घ्या. निळा रंग टोचून पहिला नोड शोधतात तो. ‘पहारेकरी ग्रंथी’ नको, ‘वेशीवरची गाठ’ म्हणा.

तिरफळ :
घेतलं. आता मसुदा असा : ‘तोंडातली लस ज्या बारीक नळ्यांतून वाहते त्यांच्यावर मानेत छोट्या गाठी (लिम्फ नोड) असतात. त्या प्रत्येकालाच असतात. तोंडातला कॅन्सर आधी तिथं पोचू शकतो, हाताला गाठ लागत नसली तरीही. म्हणून ऑपरेशनच्या वेळी त्या काढून तपासतात. त्यांत कॅन्सर निघाला तर बहुतेकदा रेडिएशन, आणि काहींना सोबत केमो लागतं. ते अर्धवट सोडू नका.’

जुनेरं :
‘तोंडातली लस’ वाचून लोक लाळ समजतील. ‘अंगातलं पाणी’ करा.

तिरफळ :
केलं.