मदत हवी आहे: प्लास्टरची डायनोसॉर-अंडी फुटत नाहीत, शनिवार तोंडावर आलाय

मृण्मयी
प्लास्टर ऑफ पॅरिसची २४ अंडी केली. फुग्यात ओतून, प्रत्येकात एक छोटा डायनोसॉर. मुलांनी खणून तो बाहेर काढायचा, असा बेत. काल एक करून पाहिलं तर लाकडी काडीने ओरखडासुद्धा उठेना. शेवटी हातोडी घेतली आणि आतल्या डायनोसॉरची मानच गेली. दुसरं रात्रभर पाण्यात ठेवलं, सकाळी जसंच्या तसं. शनिवारी सकाळी कार्यक्रम आहे. मऊ करायला काय घालू?
त्याच दिवशी प्लास्टरमध्ये मुलांच्या हातांचे ठसेही घ्यायचे आहेत. हात किती मिनिटं आत ठेवायचा?
कृपया नेमकं सांगा, व्हिडिओ नकोत. ते सगळे पाहून झाले.

कातळ
मुलं किती वर्षांची? किती जण? प्लास्टर नुसतंच होतं की त्यात काही मिसळलं होतं?

चिंचोका
व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. माझ्या लेकाने शिंपला असाच विरघळवला होता, दोन दिवसांत पार गायब.

रेघोटी
आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. प्लास्टरमध्ये हात एक मिनिटही घालायचा नाही. प्लास्टर घट्ट होताना तापतं. जाड थरात हात अडकला तर गंभीर भाजतं, आणि घट्ट झाल्यावर हात चटकन बाहेरही काढता येत नाही. लहान मुलाला चटका कळून ते सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. ठसा चिकणमातीत घ्या. मग त्या खळग्यात मोठ्या माणसाने प्लास्टर ओतायचं, मुलांनी लांबून बघायचं. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात दगड होतो.

मृण्मयी
@रेघोटी बाप रे, हे माहीतच नव्हतं. पाकिटावर बारीक अक्षरांत काहीतरी होतं, मी वाचलं नाही. ठसे मातीत घेईन.
@कातळ लहान मुलं आहेत, वयाने काय फरक पडतो? प्लास्टर साधंच, पाणी घालून कालवलं. व्हिनेगर किती लागेल?

कातळ
वयानेच फरक पडतो. दहा वर्षांचं मूल छिन्नी धरतं, चार वर्षांचं तीच छिन्नी शेजारच्याच्या डोळ्यात घालतं.
व्हिनेगर विसरा. @चिंचोका, शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो आम्लात विरघळतो. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, व्हिनेगर त्याचं फारसं काही बिघडवत नाही. पाण्यात भिजवूनही उपयोग नाही. प्लास्टरची पूड पाणी शोषून घेते आणि तिचे जिप्समचे सुईसारखे स्फटिक होऊन एकमेकांत गुंततात. एकदा गुंतले की रात्रभर भिजवून सुटत नाहीत. तुमची २४ अंडी आता दगड आहेत असंच समजा.

चिंचोका
आमच्याकडे चाललं होतं एवढंच सांगितलं.

कातळ
शिंपल्यावर चाललं होतं.

आजोबा६४
मी ३१ वर्षं लहान मुलांना शिकवलं. प्लास्टर, अंडी काही नको. एक दोरी घ्या. १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. एका टोकाला "आज". तिथून ६६ सेंटिमीटरवर गाठ: तिथे मोठे डायनोसॉर संपले. दीड मीटरवर गाठ: तिथे स्टेगोसॉरस. सुमारे २ मीटर ३० सेंटिमीटरवर: पहिले डायनोसॉर. आणि आपण माणसं? "आज"च्या टोकाला जेमतेम ३ मिलिमीटर. टी-रेक्स ६६ सेंटिमीटरच्या गाठीला चिकटून उभा राहतो, म्हणजे तो स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा! मुलांचे चेहरे बघत राहावेत असे होतात.

मृण्मयी
आजोबा, दोरी छान आहे, पण माझा प्रश्न अंड्यांचा आहे. मुलं ४ ते ६ वर्षांची, २२ जण. आम्ही दोघी आहोत. पालकांना "उत्खनन" म्हणून सांगून बसले आहे.

पिंपळपान
मग स्पंज! स्पंज हाडाच्या आकारात कापायचा, वाळूत पुरायचा, रोज गरम पाण्यात भरपूर मीठ विरघळवून वर ओतायचं. वाळला की कडक होतो. हाड दगडात कसं बदलतं ते हाताला कळतं. मी हे दोनदा केलंय, मुलं अजून आठवण काढतात.

कातळ
प्रयोग उत्तम आहे, पण वाळायला काही दिवस लागतात, शनिवारी जमणार नाही. शिवाय "हाड दगडात बदलतं" म्हटलं की मुलांना जादू वाटते. हाडात बारीक छिद्रं असतात, त्यांत खनिजं मुरलेलं पाणी शिरतं आणि खनिजं तिथेच राहून छिद्रं भरतात. स्पंज नेमकं हेच दाखवतो, तर तेच सांगावं.

पिंपळपान
चार वर्षांच्या मुलाला खनिज म्हणजे काय सांगणार? "दगड झाला" पुरतं.

कातळ
"पाण्यातलं मीठ मागे राहिलं." चारच शब्द लागतात.

चिऊ
अवांतर: खेळण्यांच्या पाकिटात उडणारे आणि पाण्यातले प्राणी असतील तर ते वेगळे काढा. टेरोसॉर आणि प्लेसिओसॉर डायनोसॉर नव्हेत. आणि "डायनोसॉर सगळे मेले" असंही सांगू नका, पक्षी त्यांचेच वंशज आहेत.

आजोबा६४
इतक्या लहान वयात गोडी लागली की झालं. नावं पुढे सुधारता येतात.

चिऊ
माझी भाची पाचव्या वर्षी टेरोसॉर हा डायनोसॉर आहे म्हणून शिकली. ते चूक आहे हे सातव्या वर्षी कळलं तेव्हा रडली, "मला खोटं का सांगितलं?" म्हणून. आणि बरोबर सांगणं अवघड नसतं. सरड्यासारखं चालून दाखवा, कोपर-गुडघे बाजूला फाकवून. मग उभं राहून पाय सरळ अंगाखाली घेऊन चाला. डायनोसॉर असा चालायचा. २२ मुलं जमिनीवर सरपटली की तो धडा कोणी विसरत नाही.

सुपर्णा_के
माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, डायनोसॉरचं चित्र पाहिलं तरी भीती वाटते त्याला. रात्री उठतो. काय करावं?

आजोबा६४
@सुपर्णा_के घाई करू नका. कोंबडीएवढाही डायनोसॉर असायचा, तो आधी दाखवा. आणि यासाठी वेगळा धागा काढा बेटा, इथे या बाईंचा शनिवार आहे.

मृण्मयी
धन्यवाद आजोबा. अजून अंड्यांचं उत्तर कोणीच दिलेलं नाही. बुधवार संपत आला.

रेघोटी
नवीन अंडी करा. एक भाग प्लास्टर, तीन ते चार भाग कोरडी बारीक वाळू, आधी कोरडंच नीट मिसळा, मग हळूहळू पाणी. ओल्या मातीसारखं झालं की थांबा. एकच अंडं करून सुकवा आणि काडीने खरवडून पाहा. कठीण वाटलं तर वाळू वाढवा. खेळण्यांना आधी व्हॅसलीन चोळा, मिश्रण चिकटत नाही. आजच करा, सुकायला दोन दिवस हवेत. मुलांना जाड लाकडी काड्या आणि रंगाचे ब्रश द्या, धातूचं काही नको. धूळ नाकात जाऊ नये म्हणून अंडी थोडी ओली करून द्या. दोघींत २२ मुलं सांभाळायची तर सहा-सहाच्या गटाने खणायला बसवा.

कातळ
+१. आणि जुनी अंडी फेकू नका, त्यांचं घरटं करा. १९२३ मध्ये मंगोलियातल्या गोबी वाळवंटात एक डायनोसॉर अंड्यांच्या घरट्याजवळ सापडला. लोकांना वाटलं, हा दुसऱ्याची अंडी खायला आला होता. १९२४ मध्ये त्याचं नावच ओव्हिरॅप्टर ठेवलं, म्हणजे अंडीचोर. सत्तर वर्षांनी तशाच अंड्यात पिल्लाचा सांगाडा मिळाला आणि कळलं की अंडी त्याच्याच जातीची होती. पुढे घरट्यावर हात पसरून बसलेले त्याचे भाऊबंदही मिळाले.
मुलांना अंडी गोलात मांडू द्या, मधे एक डायनोसॉर ठेवा आणि विचारा: हा चोर आहे की आई? काय पाहून ठरवलं? जीवाश्मांचा अभ्यास म्हणजे दुसरं काय असतं? मिळालेल्या पुराव्यावरून गोष्ट ओळखायची, आणि नवा पुरावा आला की बदलायची. खणणं त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

पिंपळपान
हे माझ्या स्पंजपेक्षा चांगलं आहे, मान्य.

मृण्मयी
रात्री दीडपर्यंत बसून २४ केली. एक भाग प्लास्टर, चार भाग वाळू. दोन ढेपाळली, बाकीची ठीक वाटतायत. रविवारी सांगते.

मृण्मयी
झाला कार्यक्रम. वाळूची अंडी दहा-पंधरा मिनिटांत फुटत होती, अगदी हवी तशी. ठसे मातीत घेतले. दोरीही बांधली आजोबा, माफ करा तेव्हा चिडले होते. त्या ३ मिलिमीटरवर बोट ठेवायला रांग लागली. चिऊ, सरपटून झालं, माझे गुडघे अजून दुखतायत.
पण मुलं सगळ्यात जास्त वेळ रमली ती जुन्या दगडी अंड्यांच्या घरट्यापाशी. "चोर" म्हणणारे नऊ, "आई" म्हणणारे बारा. एक मुलगी दोन्हीला हात वर करेना. म्हणाली, बाबा पण असेल. तिला काय सांगावं ते सुचलं नाही.

कातळ
तिला सांगा, शास्त्रज्ञांनीही हा विचार केलाय. २००८ मध्ये काहींनी अशा घरट्यांवर बसलेल्या डायनोसॉरांची हाडं तपासली. मादी अंडी घालण्याच्या काळात हाडाच्या आत एक खास थर तयार होतो, तो त्यांत मिळाला नाही. म्हणून ते बाबा असावेत असा अंदाज त्यांनी मांडला. सगळ्यांना तो पटलेला नाही.

मृण्मयी
सोमवारी सांगते तिला. शेवटचं वाक्यही सांगते.