मदत हवी आहे: लॉटरीचा पैसा संस्थांना कसा मिळतो? निवड कोण करतं?

अभ्यासिका_ताई:
पुण्यात पर्वती पायथ्याला आमची मुलांची अभ्यासिका आहे. निधीसाठी केलेला अर्ज परत नाकारला. एका ओळीची मेल, कारण नाही. एका मोठ्या संस्थेला मात्र दरवर्षी मिळतो. राज्य लॉटरीतून समाजकार्याला पैसे देतात असं ऐकलंय. अर्ज कुठे करायचा? लवकर सांगा, भाडं थकलंय.

कोथरूडकर:
नाकारला कोणी? सरकारने की कंपनीने? नोंदणी कसली आहे?

तात्या_पेठेतले:
लॉटरी हा जुगार आहे. हातावर पोट असलेल्यांचा पैसा मुलांच्या शिक्षणाला लावू नका. गणपती मंडळांना भेटा, आमचं मंडळ दरवर्षी वह्या वाटतं.

अभ्यासिका_ताई:
तात्या, वह्यांचे गठ्ठे कपाटावर तसेच पडलेत, सुतळीसुद्धा सोडलेली नाही. भाडं आणि शिकवणाऱ्या मुलींचं मानधन कोणीच देत नाही. नकार कंपनीचा, सीएसआरचा म्हणजे कंपन्या समाजकार्याला देतात त्या निधीचा. करसवलतीच्या १२ए, ८०जी आणि कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१, सगळ्या नोंदण्या आहेत.

निवृत्त_लेखापाल:
महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून आहे. तिचा नफा सरकारी तिजोरीत जातो आणि अर्थसंकल्पातून खर्च होतो. तिथे संस्थेने अर्ज करण्यात अर्थ नाही.

वाकडकर:
केरळने २०११ मध्ये कारुण्य लॉटरी काढली. पैसा कॅन्सर, किडनी, हृदयाच्या गरीब रुग्णांना. असं हवं!

कोथरूडकर:
त्यांचा प्रश्न रुग्णांचा नाहीये. ब्रिटनमध्ये १९९४ पासून नॅशनल लॉटरी आहे, तिथे कोणत्या संस्थेला किती मिळाले ते कोणालाही बघता येतं. इथे कंपन्यांनी निदान नकाराचं कारण तरी कळवावं.

उद्योजक_भोसरी:
का कळवावं? पैसा कंपनीचा, पसंती कंपनीची.

कोथरूडकर:
पसंती कसली? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. सक्तीने काढलेला पैसा निवडताना निकष उघड हवेत.

निवृत्त_लेखापाल:
भांडू नका. ताई, कारखाना कुठे आहे त्यांचा?

अभ्यासिका_ताई:
पुण्याबाहेर, चाकणला. का?

निवृत्त_लेखापाल:
कायद्यात कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय. तुम्ही पर्वतीला. अडलं ते इथेच असेल. खाजगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, पण सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प तिला वेबसाइटवर टाकावे लागतात. ते वाचा आणि समितीला लेखी विचारा.

अभ्यासिका_ताई:
मग अर्ज घेतानाच सांगायचं ना, की शहरातल्यांनी करू नका! मुलींना रजा टाकायला लावून आम्ही ती सादरीकरणं केली. आणि ती मोठी संस्था तरी कुठे चाकणची आहे? डेक्कनला ऑफिस आहे त्यांचं.

उद्योजक_भोसरी:
ऑफिस कुठेही असू दे, काम कुठे करतात ते बघा.

वाकडकर:
दिवाळी बंपरचं तिकीट स्वारगेटला कुठे मिळतं?

अभ्यासिका_ताई:
समितीची नावं सापडली. पत्र लिहिते, निकष आणि गुण दोन्ही मागते. पण तोवर भाड्याचं काय?

तात्या_पेठेतले:
जागा किती लागते? मुलं किती? संध्याकाळी मंडळाचा हॉल रिकामाच असतो.