'तंबाखू क्युअर करणे' याला मराठीत काय म्हणाल?

ओसरी : व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती त्या काळातल्या तंबाखूशेतीवर एक लेख मराठीत आणतेय. 'क्युअरिंग'पाशी गाडी अडली. शब्दकोश म्हणतो बरे करणे, खारवणे, टिकवणे. तंबाखूला बरं करायला तिला झालंय काय? सरळ 'वाळवणे' लिहू का? शिवाय हॉग्जहेड, प्लांटर आणि 'हँड' आहेतच. काल एका ठिकाणी 'तंबाखूचे हात' असं लिहून बसले होते, सकाळी वाचून स्वतःच दचकले.

खुरपं : 'वाळवणे' अपुरं पडेल. कुरडया वाळतात म्हणजे त्यातलं पाणी जातं, एवढंच. तंबाखूचं पान तोडल्यावरही काही दिवस जिवंत असतं. त्या दिवसांत त्यातल्या पिष्टाची साखर होते, हिरवा रंग जाऊन पान पिवळं, मग तपकिरी होतं. घाईने वाळवलं तर ते हिरवंच राहून वाळतं आणि चवीला उग्र लागतं. म्हणजे पान सावकाश मरू द्यायचं, ही यातली कला.

व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन या इंग्रज वस्तीतल्या लोकांना ही कला आयती मिळाली नव्हती. तिथल्या जॉन रॉल्फ या वसाहतकाराने 1612च्या सुमारास स्पॅनिश मुलखातलं गोड जातीचं बी लावलं, कारण स्थानिक तंबाखू कडवट होती. 1617मध्ये 20,000 पौंड वजनाचा माल इंग्लंडला गेला. तोवर पानांचे ढीग घालून, त्यावर गवत टाकून त्यांना घाम आणायची पद्धत होती. पुढच्या एकदोन वर्षांत दोरीवर किंवा काठीवर टांगून वाळवणं सुरू झालं आणि माल सडायचा कमी झाला.

शब्दखोर : ढीग, वर गवत, आत ऊब. अहो, ही तर आढी! आंब्याची घालतात तीच. त्या जुन्या पद्धतीला 'आढी घालणे' बिनधास्त लिहा. एकूण प्रक्रियेला 'पिकवणे' शब्द सुंदर झाला असता, पण 'तंबाखू पिकवली' म्हटलं की वाचकाला शेतातली लागवडच दिसणार. म्हणून माझं मत 'मुरवणे'ला.

खुरपं : मुरायला मीठ, तेल, पाक काहीतरी लागतं. नुसत्या हवेत काय मुरणार?

शब्दखोर : राजकारणी कशात मुरतो?

निपाणीचा : आमच्याकडं तंबाखू 'तो'. आजोबा म्हणायचे, तंबाखू वाळवणं सोपं, उचलणं अवघड. आमचा बिडीचा माल, उन्हात जमिनीवर पसरून वाळवायचा. कडक वाळलेल्या पानाला दुपारी हात लावला तर हातात भुगा येतो. म्हणून पहाटे दहिवर पडलं, पान नरम झालं की तेवढ्यात गोळा करायचं. उन्हं वर आली की काम बंद. व्हर्जिनियात उन्हाचं नसून छपराखाली टांगायचं काम होतं, पण ही अडचण त्यांनाही आली असणारच. त्याला शब्द काय आहे?

ओसरी : आहे की! त्या अवस्थेला ते 'इन केस' म्हणतात. मी त्यावर प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेले होते. अख्खं झाड कापून, कोमेजवून, आडव्या काठ्यांवर महिना-दीड महिना टांगायचं आणि मग दमट हवेची वाट बघायची. पान कातड्यासारखं लवचीक झालं की झाडं खाली उतरवायची. फार ओलं असलं तर पिंपात कुजणार, कोरडं असलं तर चुरा.

पानवेल : मराठीत याला नेमका शब्द आहे, सादळणे. पापड सादळतो, बिस्किटं सादळतात. आपल्या घरात ती नासाडी, तिकडे ते हवेहवेसे. 'पान सादळलं की उतरवायचं' असं लिहा, तळटीप लागणार नाही.

'हँड'चं म्हणाल तर पानांचे देठ एकत्र धरून एका पानाने बांधलेली ती जुडी. मेथीची असते तशीच. हॉग्जहेड म्हणजे लाकडी पिंप, पण कंसात आकार द्या, नाहीतर वाचक पाण्याचं पिंप समजेल. अठराव्या शतकात त्यात साधारण 1,000 पौंड, म्हणजे साडेचारशे किलो तंबाखू दाबून भरत. दोन्ही टोकांना आस बसवून घोड्यांकडून ते पिंपच रस्त्याने घरंगळत नेत.

शब्दखोर : 1730च्या कायद्यानंतर ते पिंप सरकारी तपासनिसापुढे फोडावं लागे. वाईट माल तिथेच जाळत. ती जागा म्हणजे 'वखार', 'गोदाम' नको. त्याच इंग्रजांची सुरतेला आणि राजापूरला होती ती वखारच की. चांगल्या मालाची पावती मिळे आणि ती पैशासारखी फिरे. तिला 'हुंडी' म्हणायचा मोह होईल, आवरा. हुंडी म्हणजे पैसे देण्याचा हुकूम, ही माल जमा असल्याची पावती. पाद्र्यांचा पगारसुद्धा तंबाखूत ठरलेला असे, वर्षाला 16,000 पौंड तंबाखू.

निपाणीचा : वखार आमच्यात रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. माल वखारीला गेला, बाया वखारीत गेल्या.

खुरपं : प्लांटरला 'बागायतदार' करू नका. तिकडची शेती पावसावरची, आपल्या भाषेत जिरायत. 'मळेवाला' चालेल, जरी मळा म्हटलं की मला विहीर आणि मोट दिसते. आणि लेखात 'फील्ड हँड' आला तर 'शेतमजूर' अजिबात नको. शेतमजूर मजुरी घेऊन संध्याकाळी घरी जातो. सुरुवातीला तिथे करारबंद इंग्रज नोकर राबत. 1619मध्ये पहिले आफ्रिकी लोक आणले गेले आणि अठराव्या शतकात झाडाचा शेंडा खुडण्यापासून पानांवरच्या अळ्या वेचण्यापर्यंत बहुतेक काम गुलामांच्या हातचं होतं. तिथे 'गुलाम' हाच शब्द लिहा.

ओसरी : लिहिला. परिच्छेद असा झालाय : 'गुलामांनी कापलेली झाडं छपराखाली महिनाभर टांगून मुरवत. दमट हवेत पानं सादळली की झाडं उतरवून पानं सोडवत, जुड्या बांधत आणि त्या पिंपात दडपून भरत.' 'मुरवत' ठेवलंय, खुरपं यांची माफी मागून.

खुरपं : माफी कसली. पण मीठ कुठेय?